‘स्मृतिचित्रे’तील नेतृत्व आणि नम्रता : एक चिकित्सक अभ्यास

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे स्थान वादातीत आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथावर विपुल लेखन झाले असून त्यातील निर्व्याज निवेदन, घरगुती भाषा आणि प्रसन्न विनोद यांचा गौरव बहुतेक सर्व समीक्षकांनी केला आहे. या गौरवात एक धोका दडलेला आहे. लेखिकेचे शालेय शिक्षण झालेले नव्हते, म्हणून तिचे लेखन ‘सहज’. ते सहज, म्हणून त्यात विचार शोधण्याचे कारण नाही, अशी एक अनुक्त समजूत त्यातून रूढ झाली. परिणामी ख्रिस्ती श्रद्धेचा विचार करावयाचा तर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या ‘अभंगांजली’कडे वळायचे आणि करमणुकीसाठी ‘स्मृतिचित्रे’ उघडायचे, अशी विभागणी अभ्यासक्रमांतूनही दिसते. ही विभागणी स्वीकारण्यासारखी नाही. श्रद्धा, व्यक्तिगत चारित्र्य आणि इतरांचे नेतृत्व यांचा परस्परसंबंध मराठीत कोठे कसोटीला लागला असेल तर तो या ग्रंथात, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ख्रिस्ती विचारपरंपरेत नेतृत्वाची कल्पना सेवेशी जोडलेली आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांचे पाय धुतो; गुरूने शिष्याचे काम करावे, हा त्या प्रसंगाचा आशय आहे. परंतु ‘नम्रता’ हा शब्द व्यवहारात दोन निराळ्या अर्थांनी वावरतो. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने तो स्वेच्छेने खाली ठेवणे, ही एक नम्रता. ज्याच्या हाती अधिकार नाही त्याच्याकडून आज्ञाधारकपणाची अपेक्षा करणे आणि त्या अपेक्षेलाही नम्रतेचेच नाव देणे, हा दुसरा प्रकार. धर्मोपदेशात हे दोन्ही अर्थ बेमालूम मिसळतात. ‘स्मृतिचित्रे’चे वेगळेपण असे की रोजच्या संसारातील घटनांच्या आधारे लक्ष्मीबाई ते सुटे करून दाखवितात.

ग्रंथातील टिळकांचे चित्र पाहावे. ते कविवृत्तीचे, उदार, बुद्धिमान आणि विलक्षण तापट आहेत. घरखर्चाचे पैसे भलत्याच कामी लागतात, अनोळखी माणूस घरात आणला जातो, नोकरी सुटते, गाव बदलते. कधी रागाच्या भरात तर कधी लहरीने गृहस्थ घराबाहेर पडतो आणि मागे राहिलेल्या पत्नीला त्याचा ठावठिकाणा लागत नाही. १८८० मध्ये विवाह झाला तेव्हा लक्ष्मीबाईंचे वय जेमतेम अकरा-बारा वर्षांचे होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे या प्रसंगांचा भार कळतो. त्या हे सारे हसत सांगतात. हा विनोद म्हणजे दुःखावरील पांघरूण, असे त्याचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते अपुरे आहे. या विनोदात न्यायनिवाडा आहे. टिळकांची चूक सांगताना लक्ष्मीबाई ती चूक म्हणूनच सांगतात. कवीची लहर, महापुरुषाचे औदासीन्य अशी भारदस्त नावे तिला देत नाहीत. आणि त्याच ओघात स्वतःचा हट्ट, स्वतःचे अज्ञान, स्वतःचा मत्सरही त्याच तराजूत टाकतात. चरित्रनायकाच्या पत्नीने लिहिलेल्या मराठी आठवणींमध्ये इतकी समान मापे क्वचितच वापरली गेली असतील.

नेत्याच्या चारित्र्याची साक्ष कोणाकडून घ्यावी, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. अनुयायी भक्तीने बोलतो, विरोधक द्वेषाने. घरातील माणसाला मात्र नेत्याचे दोन्ही चेहरे दिसतात. टिळकांच्या अभंगांतील दीनभाव अस्सल आहे याविषयी शंका नाही. परंतु अभंगातील ‘मी’ हा काव्यगत ‘मी’ असतो आणि वारकरी परंपरेने त्याला लीनतेची एक तयार वाट करून दिलेली आहे. ज्या माणसाला त्या वाटेवर रोज अडखळताना पाहिले, त्याची हकिकत लक्ष्मीबाई देतात. त्यांच्या निवेदनातील टिळक स्वभावतः नम्र नाहीत. नम्रता हा त्यांनी अंगी बाणवून घेण्यासाठी घेतलेला अभ्यास आहे, आणि तो पुष्कळदा बिघडतो. सत्पुरुषांची चरित्रे नेमका हा बिघाड गाळतात, आणि वाचकाच्या हाती मूर्ती उरते.

१८९५ ते १९०० हा कालखंड या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय लक्ष्मीबाईंना विश्वासात घेऊन झालेला नव्हता. त्यांच्यावर कोसळलेला आघात, पंढरपूर आणि अन्यत्र आप्तांच्या आधाराने काढलेले विरहाचे दिवस, समाजाचे टोमणे, लहान मुलाची काळजी ही सर्व पाने ग्रंथातील सर्वाधिक करुण पाने आहेत. नव्या श्रद्धेच्या नावाने का होईना, टिळकांचे हे वर्तन सत्ताधारी पतीचेच होते, असे म्हणावे लागते. त्याचे समर्थन करण्याची आवश्यकता नाही आणि लक्ष्मीबाईंनीही ते केलेले नाही.

मात्र त्यानंतरचा भाग निराळा आहे. उभयतांचे पुन्हा एकत्र येणे झाले तेव्हा लक्ष्मीबाई आपल्या सोवळ्याओवळ्यासह आल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. ज्या घरात पती ख्रिस्ती उपदेशक आहे त्याच घरात पत्नी आपला आचार पाळते आहे, ही व्यवस्था त्या काळी दोन्ही समाजांना चमत्कारिक वाटणारी होती. पुढे राहुरीच्या मुक्कामात लक्ष्मीबाईंनी जातिभेदाविषयी स्वतःशी विचार केला, उच्चनीचता ही देवाची नसून माणसाची निर्मिती आहे अशा निष्कर्षाप्रत त्या आल्या आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय त्यांनी केला. वडिलांच्या घरचे सोवळे किती टोकाचे होते, धान्य-मिठापर्यंत सारे धुऊन घेण्याचा तेथील अट्टाहास कसा होता, हे ग्रंथाच्या आरंभी येऊन गेलेले असल्याने या निश्चयाची किंमत वाचकाला उमगते. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. जातीचा त्याग त्यापूर्वीचा आहे. हा क्रम महत्त्वाचा मानला पाहिजे. अनुयायाला स्वतःच्या बुद्धीने येऊ देणे, आणि तो येईपर्यंत थांबणे, हे टिळकांच्या नेतृत्वातील पहिले खरे नम्र कृत्य होय. १८९५ मध्ये त्यांना ते जमले नव्हते.

नम्रतेचा दुसरा, म्हणजे मागणीचा अर्थ कसा वापरला जातो याचे उदाहरण शोधण्यासाठी पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराकडे वळणे उपयुक्त ठरते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाने १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. धर्मभगिनींना रमाबाईंच्या प्रश्न विचारण्यात गर्व दिसतो. चर्चच्या अधिकारापुढे मान तुकविणे ही त्यांच्या लेखी विनयाची खूण आहे. रमाबाई आपल्या सदसद्विवेकाचा हक्क सोडावयास तयार नाहीत. येथे गर्विष्ठ कोण आणि नम्र कोण, हे ठरविताना केवळ शब्दांवर विसंबून चालत नाही. ज्या स्त्रीवर अहंकाराचा आरोप झाला, तिनेच पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळाने निराधार झालेल्या मुलींसाठी आयुष्य वेचले, आणि अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावे म्हणून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्याकरिता हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. सेवेपुरती वाकणारी आणि हुकमापुढे न वाकणारी, अशी ही नम्रता आहे.

टिळकांचे मिशनशी असलेले संबंधही याच प्रकाशात पाहावेत. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. हिंदी ख्रिस्ती समाज परदेशी पैशावर आणि परदेशी पुढारीपणावर अवलंबून राहू नये, हा त्यांचा आग्रह वाढत गेला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त तेथे बंधू म्हणून एकत्र यावेत, अशी ती कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाल्याने तो प्रयोग अपुराच राहिला. या संन्यासाचे कौतुक करताना समीक्षक एक गोष्ट विसरतात. पगार सोडणाऱ्याचा त्याग इतिहासात नोंदला जातो. त्या पगारावर चालणारे घर ज्या व्यक्तीने पुढे रेटायचे असते तिचा त्याग त्या नोंदीत येत नाही. ‘स्मृतिचित्रे’ ती दुसरी नोंद आहे.

येथे स्त्रीवादी वाचनातून एक रास्त आक्षेप निघू शकतो. लक्ष्मीबाईंची सोशिकता ही नेतृत्वाची नम्रता कशी मानावी? ती तर पत्नीवर लादलेली शरणागती ठरते. ग्रंथाच्या पूर्वार्धापुरता हा आक्षेप मान्य करावा लागतो. तथापि उत्तरार्धातील लक्ष्मीबाई निर्णय घेणाऱ्या आहेत. दुष्काळ आणि प्लेगच्या काळात पोरक्या मुलांचा सांभाळ, घरात सदैव असलेला आश्रितांचा राबता, टिळकांच्या छायेत काही काळ राहिलेल्या बालकवी ठोमरे यांच्यासारख्या लहरी तरुणाला दिलेली माया ही सगळी माणसे जोडण्याची आणि चालविण्याची कामे आहेत. टिळक घरी माणूस आणीत. तो तेथे टिकत असे तो लक्ष्मीबाईंमुळे. या व्यवस्थापनाला त्या कोठेही मोठे नाव देत नाहीत. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले आणि त्याचे बहुसंख्य अध्याय त्यांचेच आहेत. तरी ग्रंथाची चर्चा प्रायः टिळकांचे महाकाव्य म्हणून होते.

असे असले तरी ‘स्मृतिचित्रे’ची एक मर्यादा नोंदविल्यावाचून ही चिकित्सा पुरी होणार नाही, आणि ती मर्यादा मराठवाड्यातील अभ्यासकाला विशेष जाणवावी. छत्रपती संभाजीनगर येथे १९५० मध्ये सुरू झालेले मिलिंद महाविद्यालय आणि गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ यांच्या परिसरात दलित आत्मकथनांची जी चर्चा घडली, तिने येथील वाचकाला आत्मचरित्रापुढे एक प्रश्न ठेवावयास शिकविले : बोलणारा कोठून बोलतो? टिळक दांपत्य ब्राह्मण्य सोडून खाली उतरले. त्यांचे उतरणे प्रामाणिक होते. पण ज्यांना उतरण्यासाठी पायरीच नव्हती अशा महार-मांग समाजांतील माणसांची नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात बहुसंख्या होती. त्यांच्या लेखी नम्रता हा काय गुण असणार? जन्मभर ती त्यांच्याकडून सक्तीने वसूल केलेली होती. ग्रंथात ही माणसे येतात, प्रेमाने येतात. ती स्वतः मात्र फारशी बोलत नाहीत.

हाच प्रश्न जालन्याजवळील बेथेलच्या संदर्भातही विचारता येतो. जालना १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता, म्हणून हे उदाहरण दूरचे नाही. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात, मुख्यतः मांग समाजातील नवख्रिस्ती कुटुंबांसाठी, ही वसाहत वसविली. सुशिक्षित ब्राह्मणाने मुंबईतील प्रतिष्ठा सोडून या लोकांत येऊन राहावे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. शेषाद्रींचे नाव मिशनच्या इतिहासांत आदराने येते. ज्या कुटुंबांनी तेथे घरे बांधली आणि जमीन कसली, त्यांनी आपल्या पुढाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहिले हे सांगणारी ‘स्मृतिचित्रे’ मात्र मराठी वाचकाच्या हाती नाहीत. नेत्याच्या विनयाचे प्रमाणपत्र अशा वेळी नेत्याच्याच बाजूची कागदपत्रे देतात.

या संदर्भात ‘ज्ञानोदय’च्या इतिहासातील एका नोंदीचे स्मरण अप्रस्तुत होणार नाही. टिळकांनी संपादिलेल्या याच नियतकालिकात, त्यांच्या जन्मापूर्वी, १८५५ मध्ये मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला होता. ती फुल्यांच्या शाळेतील चौदा वर्षांची मांग समाजातील विद्यार्थिनी होती, ख्रिस्ती नव्हती. तिच्या निबंधात विनयाचा अभिनिवेश नाही. ज्यांना वेद वाचण्याची बंदी आहे त्यांचा धर्म कोणता, असा सरळ जाब त्यात विचारलेला आहे. ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना हा निबंध शेजारी ठेवला, तर दोन्ही लेखनांतील स्त्रिया धर्माच्या पुढाऱ्यांना काय विचारतात आणि कोणत्या जागेवरून विचारतात, हे विद्यार्थ्यांना पडताळून पाहता येईल.