टोपलीला हात

माधवराव सप्रे यांच्या 'एक टोकरी भर मिट्टी' या हिंदी कथेचा मराठी अनुवाद करताना मी शेवटाशी येऊन अडले. कथा जेमतेम दोन-तीन पानांची. १९०१ साली ती 'छत्तीसगढ मित्र' मासिकात आली, आणि हिंदीतली पहिली लघुकथा कोणती या वादात तिचं नाव हटकून निघतं. तो वाद मला इथे नको आहे. मी अडले ते एका शब्दावर. शेवटी जमीनदार विधवेची क्षमा मागतो आणि तिची झोपडी तिला परत देतो. मराठीत इथे 'क्षमा' ठेवायचं की 'माफी'?

हिंदीत 'क्षमा' आहे, मग ठेवा तीच, असं कुणी म्हणेल. पण ही कथा लिहिणाऱ्या माणसाने पुढे सातच वर्षांनी स्वतः सरकारला माफीनामा लिहून दिला. हे ठाऊक असलं की तो शब्द सहजासहजी लिहिता येत नाही.

आधी कथा. जमीनदाराला आपलं आवार वाढवायचं आहे आणि मध्ये एका विधवेची झोपडी येते. नवरा, मुलगा, सून सगळे त्याच झोपडीत गेले. उरली एक पाच वर्षांची नात. जमीनदार वकिलांचे खिसे भरून झोपडीचा ताबा मिळवतो. एक दिवस विधवा टोपली घेऊन येते. नात जेवत नाही, आपल्या घरीच भाकरी खाईन म्हणते, म्हणून त्या घरची टोपलीभर माती चुलीसाठी न्यायची आहे. परवानगी मिळते. टोपली भरून झाल्यावर ती जमीनदाराला म्हणते, जरा हात लावा, म्हणजे डोक्यावर घेता येईल. तो आधी चिडतो, मग नोकराला न सांगता स्वतः पुढे होतो. टोपली हलत नाही. तेव्हा ती म्हणते की रागावू नका, पण एक टोपली उचलत नाही, तर या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा पेलाल?

बहुतेक समीक्षक या प्रश्नावर थांबतात. गरिबाने श्रीमंताला निरुत्तर केलं, एवढाच कथेचा अर्थ ते काढतात. प्रश्न जबरदस्त आहेच. पण मला त्याच्या आधीची विनंती मोठी वाटते. जिने सगळं गमावलं ती गमावायला लावणाऱ्याला म्हणते, जरा हात लावा. ती त्याला शाप देत नाही, आणि 'जाऊ दे, झालं ते झालं' असंही म्हणत नाही. ज्या मातीत त्याचा अपराध आहे, त्याच मातीला हात लावायला ती त्याला जवळ बोलावते. (चूक दाखवायची तर आधी एकट्याला गाठून दाखवावी असं मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितलं आहे. विधवा ते चारचौघांत करते. तिला एकांत कोण देणार होतं?)

मी ख्रिस्ती घरात वाढले, त्यामुळे इथे मला पेत्र आठवतो. येशूला अटक होते त्या रात्री पेत्र आवारात निखाऱ्यांपाशी शेकत उभा असतो आणि मी याला ओळखत नाही असं तीनदा सांगतो. पुढे तळ्याकाठी पुन्हा निखारे आहेत, त्यांवर मासे आणि सोबत भाकर. योहान दोन्हीकडे 'निखाऱ्यां'साठी एकच ग्रीक शब्द वापरतो आणि नव्या करारात तो या दोनच ठिकाणी येतो. तिथे येशू 'तुला क्षमा केली' असं म्हणत नाही. तुझं माझ्यावर प्रेम आहे का, असं तीनदा विचारतो आणि तीनदा त्याच्याकडे मेंढरं सोपवतो. क्षमा म्हणून पेत्राला काम मिळतं.

आता १९०८. जुलैत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. नागपूरहून 'हिंदी केसरी' चालवणाऱ्या सप्र्यांना ऑगस्टमध्ये राजद्रोहाखाली अटक झाली. थोरल्या भावाने जीव देण्याची धमकी दिली म्हणून सप्र्यांनी माफीनाम्यावर सही केली, असं चरित्रकार सांगतात. ते सुटले आणि लोकांच्या मनातून उतरले. मग वर्ध्याला रामदासी मठात राहिले, माधुकरी मागितली, दासबोधाची पारायणं केली, त्याचा हिंदी अनुवाद केला.

टिळक मंडालेहून परतल्यावर १९१५ साली 'गीतारहस्य' निघालं. त्याचा हिंदी अनुवाद टिळकांच्या संमतीने केला तो सप्र्यांनी. पूर्ण शिक्षा भोगलेल्या माणसाने तुरुंगात लिहिलेलं पुस्तक, माफी मागून सुटलेल्याच्या हाती सोपवलं. टिळकांच्या औदार्याला मर्यादा होत्या; १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर 'केसरी'ने जे आसूड ओढले त्यांत दयेचा मागमूस नाही. पण सप्र्यांच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते मला तळ्याकाठच्या त्या प्रसंगाजवळचं वाटतं.

म्हणूनच सप्र्यांच्या भक्तांनी केलेला बचाव मला खटकतो. माफीनामा एका वाक्यात उरकायचा, दोष भावावर ढकलायचा, आणि पुढच्या पानावर राष्ट्रभक्ती. पेत्राचा नकार चारही शुभवर्तमानांत आहे. कुणीही तो गाळला नाही. अपराध झालाच नाही असं ठरवलं तर क्षमेला जागाच उरत नाही.

सप्रे १९२६ साली रायपूरलाच वारले. बुढापाऱ्यात त्यांच्या नावाची शाळा आहे. मी राहते ती सदर बाजारात, सराफांच्या दुकानांमागे. इथे दागिना गिरवी ठेवतात. आमच्या घरच्या मराठीत तो गहाण पडतो आणि मग 'सोडवून' आणतात. मराठी बायबलात मत्तयाच्या प्रार्थनेत पापाऐवजी ऋण आहे आणि ते सोडायचं आहे. ख्रिस्ती मराठीत मुक्तीला 'तारण' म्हणतात, बँकेच्या मराठीत कर्जासाठी ठेवतात तेही तारण. या भाषेत क्षमा म्हणजे हिशेब माहीत असून सोडलेलं देणं. 'माफी'त मला अर्ज, सही आणि शिक्का दिसतो. जमीनदाराने झोपडी परत दिली, म्हणजे त्याने मागितली ती क्षमाच.

हे लिहिताना एक जुनं परीक्षण माझा पिच्छा सोडत नव्हतं. दहा वर्षांपूर्वी एका तरुणाच्या पहिल्या अनुवादावर मी लिहिलं होतं. हिंदीतली 'चेष्टा', म्हणजे प्रयत्न, त्याने मराठीत चेष्टाच ठेवली होती. मी त्यावर दोन परिच्छेद भरून त्याची चेष्टा केली. लोक हसले. चूक खरीच होती. त्यानंतर त्याचं दुसरं पुस्तक आलं नाही.

गेल्या महिन्यात मी त्याचा पत्ता मिळवला. त्या परीक्षणाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि या कथेचा मसुदा सोबत पाठवला, जरा हात लाव म्हणून. पंधरा दिवस काही आलं नाही. मग मसुदा परत आला. पत्राबद्दल अक्षरही नव्हतं. तीन ठिकाणी लाल खुणा होत्या आणि समासात लिहिलं होतं: 'क्षमा' राहू द्या, पण 'टोपली' नको, 'पाटी' करा, माती टोपलीत नेत नाहीत.