बलाढ्य नायकाचं पुढे करायचं काय?

जून 2024 मध्ये ‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेमचा ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ हा विस्तार आला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला, आणि त्याच आठवड्यात स्टीम या खेळविक्रीच्या मंचावर खेळाडूंच्या मतांचा एकत्रित शेरा ‘संमिश्र’ असा झळकू लागला. तक्रारींत तांत्रिक बिघाडांचा वाटा होता, पण मोठा सूर वेगळाच होता. मूळ खेळातले देव-उपदेव लोळवून आलेले दीडशे लेव्हलचे योद्धे नव्या प्रदेशातल्या साध्या शिपायांकडून मार खात होते. आम्ही इतके तास घाम गाळून कमावलेली ताकद गेली कुठे, असा त्यांचा सवाल होता. आठवडाभरातच फ्रॉमसॉफ्टवेअर या निर्मात्या कंपनीने पॅच काढून सुरुवातीचा चढ थोडा सोपा केला.

हा सवाल ‘एल्डन रिंग’पुरता नाही. ओपन वर्ल्ड फँटसी खेळांच्या रचनेत तो तीस वर्षं घोळतो आहे, आणि प्रत्येक मोठ्या विस्ताराने त्याला आपापलं उत्तर देऊन पाहिलं आहे. त्या उत्तरांकडे ओळीने पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. विस्तार हे रचनाकारांनी स्वतःच्याच खेळावर केलेलं समीक्षण असतं. मूळ खेळातला असमतोल शेवटच्या दहा तासांत दडून जातो, कारण तोवर खेळाडूला कथेचा शेवट गाठायची घाई झालेली असते. विस्तार सुरूच त्या टोकापासून होतो, त्यामुळे तिथे काही लपवता येत नाही.

दोन खेळाडू समोरासमोर असतात तिथे समतोल म्हणजे न्याय. एकट्याने खेळायच्या रोलप्लेइंग खेळात तो तीन गोष्टींचा मेळ असतो: खेळाडूची वाढती ताकद, जगातला धोका आणि तो धोका पत्करल्याचा मोबदला. एका रेषेत पुढे सरकणाऱ्या खेळात पाचव्या टप्प्यावर नायकाच्या हाती कोणती तलवार असेल हे रचनाकाराला ठाऊक असतं. ओपन वर्ल्डमध्ये नायक कुठल्याही दिशेने जातो, म्हणून तो अंदाज चुकतो. विस्ताराच्या वेळी तर तो पार कोलमडतो. एकजण 40 तासांत मुख्य कथा उरकून आलेला, दुसरा 300 तास घालवून जगातलं प्रत्येक चिलखत गोळा करून आलेला. दोघांनी पैसे सारखेच मोजलेले, आणि दोघांनाही लढत हवी आहे.

सुरुवातीला हा प्रश्न फारसा कोणाला पडलाच नव्हता. 1992 मध्ये ‘अल्टिमा 7’ आला आणि त्याच वर्षी त्याला ‘फोर्ज ऑफ व्हर्च्यू’ जोडला गेला. नव्या बेटावरच्या परीक्षा पार केल्या की नायकाचं बळ पूर्वीच्या मर्यादेपलीकडे जाई, आणि हातात एक काळी तलवार येई, जिच्यापुढे मूळ खेळातलं कोणीच टिकत नसे. विस्तार म्हणजे सरळसरळ बक्षीस होतं. त्यामुळे उरलेल्या खेळाचं काय होईल याची कोणी फिकीर केली नाही. ‘अल्टिमा’त हे खपूनही गेलं. त्या खेळाचा जीव लढाईत नव्हताच; तो गावकऱ्यांशी बोलण्यात, कोडी सोडवण्यात आणि पीठ मळून पाव भाजण्यात होता.

बेथेस्डाच्या ‘मोरोविंड’मध्ये (2002) मात्र ते खपलं नाही. त्याच वर्षीचा ‘ट्रायब्युनल’ विस्तार बसवला की कालपरवा बोटीतून उतरलेला लेव्हल 1 चा नायक झोपला तरी त्याच्यावर डार्क ब्रदरहूडचे मारेकरी चालून येत. त्यांच्या हातून मेला तर कथा तिथेच खुंटली. चुकून जगला तर मारेकऱ्यांच्या अंगावरची महागडी चिलखतं विकून तो एका रात्रीत गब्बर झाला. दुसरं टोक मोर्नहोल्ड शहराखालच्या गटारांत. तिथल्या गॉब्लिनांना इतकं बळ दिलं होतं की मूळ बेटावरचे कित्येक राक्षस त्यांच्यापुढे फिके पडावेत. एवढ्या फुगवट्याचं कारण मूळ खेळातच होतं. बुद्धी वाढवणारं पेय पिऊन त्याहून जहाल पेय बनवायचं, ते पिऊन आणखी जहाल, असं करत ‘मोरोविंड’चा किमयागार आकड्यांच्या सगळ्या सीमा ओलांडू शकत असे. अशा नायकाचा पाठलाग शत्रूंचे आकडे वाढवून होणार नव्हता. साध्या खेळाडूला मात्र त्या आकड्यांचा मार बसला.

बेथेस्डाने यावर काढलेला उपाय ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (2006) दिसतो, आणि या कलेतला तो सर्वांत बोधप्रद घोटाळा आहे. नायक किती बलवान असेल हे कळत नाही ना, मग सगळं जगच त्याच्या मापाचं करून टाका. ज्या लेव्हलला गुहेत शिराल त्या लेव्हलचे शत्रू आत तयार. परिणाम असा की पुढे पुढे रस्त्यावरचे वाटमारे काचेचं दुर्मीळ चिलखत घालून शंभरेक नाण्यांची खंडणी मागू लागले. ते चिलखत विकलं असतं तर त्यांना वाटमारीची गरजच उरली नसती! क्वेस्टचं बक्षीससुद्धा ते मिळताना जी लेव्हल असेल तिच्याच तोलाचं; लवकर मिळवलेली नामांकित तलवार कायमची बोथट. शिवाय निवडलेल्या सात मुख्य कौशल्यांत मिळून दहा वाढी झाल्या की लेव्हल चढायची, पण अंगभूत गुणांत किती भर पडणार ते त्या काळात कोणती कौशल्यं वापरली यावर ठरायचं. सौदेबाजी आणि कुलुपं उघडण्यात रमलेल्याची लेव्हल वाढे, शत्रू वाढत, आणि तो स्वतः लढाईला कच्चा राही. लेव्हल झोपल्यावरच चढत असल्यामुळे काही खेळाडू मुद्दाम झोपायचंच टाळत. ज्या खेळात वाढ हीच शिक्षा ठरते, तिथे रोलप्लेइंगचा गाभाच निसटलेला असतो.

2007 चा ‘शिव्हरिंग आइल्स’ हा त्याचा विस्तार कल्पनाशक्तीच्या बाबतीत आजही अव्वल आहे. वेडाचा अधिपती शेओगोराथ, मॅनिया आणि डिमेन्शिया अशी दुभंगलेली त्याची भूमी, तिथली तऱ्हेवाईक माणसं, सगळं मूळ खेळापेक्षा सरस. कसोटी मात्र तीच जुनी, नायकाच्या सावलीसारखी त्याच्याबरोबर वाढत जाणारी. एप्रिल 2025 मध्ये आलेल्या ‘ऑब्लिव्हियन’च्या नव्या आवृत्तीत गुणवाढीची ती किचकट पद्धत बदलली, पण जगाने नायकाच्या मापाने वाढायचं हे तत्त्व कायम राहिलं. रोगाचं निदान अर्ध्यावरच थांबलं.

‘मोरोविंड’च्याच काळात जर्मनीतल्या पिरान्हा बाइट्सने नेमका उलटा मार्ग धरला होता. ‘गॉथिक 2’चं (2002) जग हाताने मांडलेलं आहे. या वळणावर लांडगे, त्या टेकडीपलीकडे ऑर्क. तुम्ही कोणीही असा, ते तिथेच आणि तसेच. पहिल्या दिवशी ज्या वाटेवरून जीव मुठीत घेऊन पळ काढला त्याच वाटेने महिन्याभराने छाती काढून जाण्याचं सुख या खेळाने जितकं दिलं तितकं क्वचितच कोणी दिलं असेल. 2003 च्या ‘नाइट ऑफ द रेव्हन’ने केलेलं काम तर धाडसी होतं. त्याने नवा प्रदेश शेवटाला न चिकटवता मूळ कथेच्या पोटात गुंफला आणि मागे जाऊन मूळ खेळच आवळला. शत्रू कडक झाले. प्रत्येक लेव्हलला मिळणारे दहा लर्निंग पॉइंट्स तेवढेच राहिले, पण ताकद जसजशी वाढेल तसतसा पुढच्या शिक्षणाचा दर चढू लागला. आधी थोडं हे, थोडं ते शिकत सर्वगुणसंपन्न होणारा नायक आता एकच मार्ग निवडून त्याला चिकटू लागला. या कडकपणाने नवखे पहिल्याच दिवशी हैराण होतात, आणि जग खुलं असूनही जगण्याच्या वाटा मोजक्याच उरतात, हे खरं. तरीही आपल्याच खेळातली ढिलाई ओळखून ती विस्तारातून दुरुस्त करण्याचा इतका प्रामाणिक प्रयत्न विरळा. पिरान्हा बाइट्स 2024 मध्ये बंद पडली. त्या शिस्तीचा वारसा सांगणारे आज थोडेच आहेत.

बेथेस्डाच्याच ‘स्कायरिम’ने (2011) या दोन मार्गांचा मध्य साधला. प्रत्येक भागाला लेव्हलची खालची-वरची मर्यादा दिली, आणि पहिल्या भेटीत जी लेव्हल ठरेल ती त्या गुहेला कायमची. जग बरंच सावरलं. पण किमया, जादूचे संस्कार आणि लोहारकाम ही तीन कौशल्यं एकमेकांना टेकू देत इतकी वर चढत की मेहनती खेळाडूची तलवार ड्रॅगनला दोन घावांत आडवा करी. 2013 च्या पॅचने ‘लेजेंडरी’ ही सर्वांत अवघड पातळी आणली. तिच्यात खेळाडूचा घाव एक चतुर्थांश होतो आणि शत्रूचा तिप्पट. हा आमटी बेचव झाली म्हणून वरून तिखट ओतण्याचा प्रकार झाला. शत्रू शहाणे झाले नाहीत, फक्त चिवट झाले. ‘ड्रॅगनबॉर्न’ विस्तारासोबत आलेला एबनी वॉरियर या संदर्भात अर्थपूर्ण वाटतो. लेव्हल 80 गाठली की तो येतो, आता करण्यासारखं काही उरलं नाही म्हणतो, आणि सन्मानाने मारून टाकण्याची विनंती करतो. रचनाकारांना आपल्या खेळाची नाडी अचूक कळली होती. इलाज सापडला नव्हता.

इलाजाची पहिली ठळक खूण पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने दाखवली. ‘विचर 3’चा (2015) मूळ खेळ समतोलाच्या दृष्टीने सामान्यच. बाजूची कामं मन लावून केली तर मुख्य कथा फार सोपी होते, आणि क्वेन चिन्हाचं कवच घेऊन कोलांट्या मारल्या की बहुतेक लढती निभावतात. विस्तारांमध्ये त्यांनी दुखणं आकड्यांत न शोधता सवयीत शोधलं. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’मधला केअरटेकर तुम्हाला मारलेल्या घावातून स्वतःच्या जखमा भरून काढतो, तिथे बेफिकिरीने मार खात मार देणं महागात पडतं. पडून राहिलेल्या पैशालाही त्यांनी काम दिलं. रूनराइट नावाच्या कारागिराला पूर्ण सज्ज करायला 30,000 क्राउन लागतात, म्हणजे श्रीमंतीला पुन्हा किंमत आली. गाईंची कथा तर बहारीची आहे. व्हाइट ऑर्चर्ड गावात गाई मारून चामडी विकण्याचा उद्योग खेळाडूंनी मांडला, तेव्हा एका पॅचने तिथे गाईंचा कैवार घेणारा भयंकर राक्षस आणून उभा केला. मग ‘हार्ट्स ऑफ स्टोन’मध्ये करवसुली कारकून नायकाला थांबवून त्याच चामड्यांच्या कमाईबद्दल विचारतो. समतोलाची दुरुस्ती कथेत इतकी मुरवता येते, आणि खेळाडूचा अपमान न करता! ‘ब्लड अँड वाइन’ने (2016) म्युटेशनची नवी शाखा उघडली, जिच्यात साठून राहिलेले गुण खर्ची पडून लढण्याची पद्धतच बदलते. मूळ खेळ न संपवता सरळ विस्तारात उतरू पाहणाऱ्याला तयार लेव्हलचा नायक गेराल्टही मिळतो. 40 तास आणि 300 तास यांच्यातला पेच इथे पुरता सुटला नाही, पण तो रचनाकारांनी निदान ओळखला होता.

त्या पेचाला सर्वांत सुरेख उत्तर दिलं ते ज्याच्यावर सर्वांत जास्त ओरड झाली त्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’नेच. हिदेताका मियाझाकी यांच्या चमूने मूळ लेव्हलचा सोपान बाजूला ठेवून फक्त नव्या भूमीत चालणारा दुसरा सोपान उभा केला. त्या भूमीत विखुरलेले स्कॅडुट्रीचे 50 तुकडे शोधायचे, आणि त्यांतून वीस पायऱ्यांनी तुमचा घाव आणि बचाव वाढवायचा. या एका युक्तीने तीन गोष्टी साधल्या. दीडशे लेव्हलचा आणि दोनशेचा खेळाडू बरेचसे एका पातळीवर आले. शत्रूंची कत्तल करत बसून ताकद वाढवण्याची जुनी वाट निरुपयोगी ठरली. आणि ताकद थेट भटकंतीला बांधली गेली. जो कोपरे धुंडाळेल तो टिकेल. ओपन वर्ल्डचं खरं वचन हेच तर असतं.

उणीव राहिली ती सांगण्यात. हा नवा सोपान किती महत्त्वाचा आहे हे खेळ पुरेसं ठसवत नाही, म्हणून अनेकजण जुन्या गुर्मीत थेट बॉसच्या दारात गेले. शेवटचा बॉस तर इतका टोकाचा होता की काही महिन्यांनी त्यालाही पॅचने आवर घालावा लागला. म्हणजे टीका सर्वस्वी खोटी नव्हती. पण तिचा रोख चुकला. तिने अवघडपणाबद्दल बोलताना रचनेकडे पाहिलंच नाही.

ही चूक खेळाडूंइतकीच आपली, लिहिणाऱ्यांचीही आहे. विस्ताराचं परीक्षण करताना नकाशा केवढा, तास किती, बॉस किती, याची मोजदाद होते. तो नायकाच्या ताकदीचं काय करतो हे क्वचितच विचारलं जातं. ते विचारण्याचं काम वर्षानुवर्षं मॉड, म्हणजे खेळात आपल्या परीने फेरफार, बनवणाऱ्या हौशी लोकांनी केलं. ‘ऑब्लिव्हियन’साठीच्या ऑस्कुरोच्या मॉडने धोके पुन्हा जागेला बांधले, ‘स्कायरिम’च्या ‘रेक्विएम’ने जगाचं नायकामागे वाढणं थांबवलं. ही कामं म्हणजे कोडमध्ये लिहिलेली उत्तम समीक्षा आहे, आणि तिची दखल खेळांवरच्या लेखनाने पुरेशी घेतलेली नाही.

आजची स्थिती यावरून मांडता येते. जग रंगवण्यात ही कला प्रौढ झाली आहे, कथेत बऱ्यापैकी, समतोलात अजून वयात येते आहे. आकडे ताणणं हा मार्ग संपला, हे ‘ट्रायब्युनल’पासून ‘लेजेंडरी’पर्यंत वारंवार सिद्ध झालं. उरलेले दोन मार्ग जिवंत आहेत: ‘नाइट ऑफ द रेव्हन’सारखं मागे जाऊन मूळ खेळ आवळणं, किंवा ‘अर्डट्री’सारखं नव्या भूमीसाठी ताकदीचं नवं चलन काढणं. पहिल्याला जुन्या खेळाडूंचा रोष पत्करण्याची तयारी लागते, दुसऱ्याला नवे नियम स्पष्ट सांगण्याची. पॅचने आठवड्यात सगळं बदलता येतं म्हणून ही दोन्ही कामं टाळण्याकडे कल वाढतो आहे. ओरड झाली की आकडा कमी करायचा आणि मोकळं व्हायचं. पुढच्या मोठ्या विस्ताराचा दर्जा मी तरी यावरूनच ठरवीन की बलाढ्य नायकासमोर त्याने नवा प्रश्न ठेवला, की जुन्याच प्रश्नातले आकडे वाढवले.