बाज कुठे टाकायची?

दारव्ह्याजवळच्या एका गावात माझ्या आत्याचं घर आहे. त्या घरात सोफा नाही, डायनिंग टेबल नाही, शोकेस नाही. बसायला एक बंगई, निजायला चार बाजा, अंथरायला सतरंज्या आणि भिंतींत कोनाडे. एवढ्याच सामानावर त्या घरानं तीन लग्नं, दोन बाळंतपणं आणि न मोजलेले उन्हाळे निभावून नेले. मागच्या वर्षी भाच्यानं यवतमाळात फ्लॅट घेतला. वरचा मजला, पश्चिमेला हॉल. त्यानं मोबाइलवर ढीगभर फोटो पाठवून विचारलं, ‘मामा, यातला कोणता हॉल आपल्याला जमेल?’ जवळजवळ प्रत्येक फोटोत जमिनीपर्यंत काच होती आणि काचेपलीकडे समुद्र नाहीतर बर्फ. मी म्हटलं, आधी आत्याआजीकडे जाऊन येऊ.

आत्यानं चष्मा लावून ते फोटो शांतपणे पाहिले. ‘याच्यात माणूस कोठी हाय बाप्पा? समदं सामानच दिसून राहिलं.’ यापेक्षा नेमकी समीक्षा मला करता आली नसती.

आत्याच्या घराची पहिली सजावट म्हणजे त्याची भिंत. वऱ्हाडात शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं फाटते. तिच्यात कापूस येतो, तिची भिंत टिकत नाही. भिंतीला पांढरी मातीच लागते. या घराच्या भिंती दोन-दोन फूट जाड आहेत आणि त्या जाडीचा उपयोग दोनदा केलेला आहे. एक, साठवणीला. कोनाडे, दिवळ्या, लाकडी कवाडांचं फडताळ हे सगळं भिंतीच्या पोटात. कपाट आहे, पण त्यानं खोलीची एक वीतही खाल्लेली नाही. दुसरा उपयोग जास्त खोल आहे आणि तो कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. एवढी जाड मातीची भिंत दुपारचं ऊन लगेच आत सोडत नाही. ते झिरपत झिरपत आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र पडते. म्हणजे दुपारी माजघर गार आणि रात्री तेच कोंदट. आता बाजेकडे बघा. दुपारी ती माजघरात असते. दिवेलागणीला एक माणूस ती उभी करून उचलतो आणि अंगणात नेऊन टाकतो. भिंत ऊन आत सोडायला लागते तेव्हा माणसं चांदण्यात निजलेली असतात. भिंतीचा संथ ताल आणि बाजेची फेरी एकमेकांना धरून चालतात. कोणी आर्किटेक्टनं हे काढलं असतं तर त्याला पारितोषिक मिळालं असतं.

म्हणून या घरातली नायिका बाजच. सागवानी चौकट, सागवानी पाय, विणलेली दोरी. पायथ्याकडची दोरी ओढून बांधली की आलेला झोळ निघून जातो. गादीच्या दुकानात ही सोय अजून मिळत नाही. खालून वारा खेळतो, त्यामुळे पाठीला घाम धरत नाही. पावसाळ्यात ती सपरीत येते, थंडीत माजघरात. चैत्रात तिच्यावर धुतलेलं लुगडं पसरून कुरडया घालतात. बाळंतीण तिच्यावर निजते आणि खाली शेगडी ठेवतात. पाहुणा आला की ती बैठक, आणि काम संपलं की भिंतीला उभी, खोली पुन्हा रिकामी. भाच्याच्या फोटोंतल्या पलंगाला खाली चार खण होते, डोक्याशी मखमली पाठ होती, आणि एकदा ठेवला की घर विकेपर्यंत तो हलणार नव्हता. खोलीचं नावच मग ‘बेडरूम’ पडतं. आत्याच्या घरात खोलीला कामानं नाव नाही. बाज जिथे, तिथे निजायचं.

बंगईची जागाही बघण्यासारखी आहे. अंगणाचं दार आणि परसाचं दार यांच्या सरळ रेषेत ती टांगलेली आहे. वारा आला तर त्या रेषेतूनच येतो, आणि नाही आला तर बंगई स्वतःपुरता तयार करते. तिच्यावर बसलेल्याला फाटकातून आत येणारा दिसतो, पण येणाऱ्याला उजेडातून आत पाहताना बसलेला दिसत नाही. घरधन्याची ही जुनी चलाखी. भाचा तिच्यावर बसला तेव्हा त्यानं पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला, एवढं मी नोंदवून ठेवलं आहे.

अंधाराबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तिथे माझं आणि भाच्याचं वाजलं. त्याला घर ‘ब्राइट’ हवं होतं. आत्याच्या माजघरात छपराला एक काचेचं कवेलू आहे, तेवढाच उजेड. त्याचा कवडसा सकाळी उतरंडीवर असतो आणि दुपारी सारवलेल्या भुईवर. बाहेर पारा 45 अंशांकडे चाललेला असताना, डोळे चुरचुरत आत आलेल्या माणसाला हा अंधार पाण्यासारखा वाटतो. ज्या गावात वर्षातले चार महिने ऊन हाच शत्रू, तिथे काळोखही सामानात धरावा. लंडनच्या माणसाला ऊन आत बोलवावं लागतं, आपल्याला ते अदबीनं बाहेर थोपवावं लागतं. त्यांच्या खोल्यांचे फोटो पाहून आपण खिडक्या मोठ्या करतो आणि मग त्यांना जाड पडदे लावून दिवसा ट्यूबलाइट जाळतो.

आणि एक वस्तू तर कोणत्याच फोटोत नसते. कूलर! मार्च ते जून आपल्या घरातलं सगळ्यात अवजड, सगळ्यात गोंगाटी आणि सगळ्यात लाडकं फर्निचर तेच. त्याचा विचार न करता मांडलेला विदर्भातला हॉल म्हणजे चूल न धरता आखलेलं सैपाकघर. कूलर ज्या खिडकीत, तिच्या समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं; ओली हवा बाहेर पडली नाही तर घर गार होण्याऐवजी चिकट होतं. त्या वाटेत उंच कपाट आलं की ताटीत वाळा घालूनही उपयोग नाही. शिवाय ही ओली हवा चार महिने ज्याच्या अंगावर जाते ते फर्निचर भुशाच्या पाट्यांचं असेल, तर कडा फुगतात, वरचा कागद सुटतो, बिजागऱ्या ढिल्या होतात. हा अनुभव माझ्या स्वतःच्या घरातला आहे. दुकानदाराचं नाव सांगत नाही. त्यानं फसवलं नव्हतं, मीच कूलर विसरलो होतो.

त्यापेक्षा आपल्याकडे सागवान आहे. पांढरकवड्याकडचं टिपेश्वर असो की उमरखेडकडचं पैनगंगेचं अभयारण्य, आपल्या जिल्ह्याचं जंगल म्हणजे मुख्यतः सागाचं. नवं सागवान आज परवडत नाही हे खरं. पण जुनी घरं पडतात तेव्हा त्यांचे नाट, चौकटी, कवाडं विकायला निघतात. ते लाकूड इतकी वर्षं सुकलेलं असतं की आता आक्रसण्याचं त्याच्यात फारसं काही उरलेलं नसतं. घेताना कापलेलं तोंड बघायचं. आतला गडद भाग तेलकट असतो, त्याला उधई सहसा लागत नाही. कडेचा फिकट भाग मात्र ती आवडीनं खाते. फिकट जास्त असेल तर स्वस्त मिळालं तरी सोडून द्यावं.

दुसरी वस्तू बांबू. केळापूर, मारेगाव, झरी जामणी या बाजूला कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या आहेत. कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित मानल्या जातात त्यांतली ही एक, आणि बांबूचं काम त्यांच्या हातातलं. त्यांचा तट्टा पश्चिमेच्या गॅलरीत बाहेरून टांगला तर ऊन काचेला लागण्याआधीच अडतं. पडदा आतून लावतो तेव्हा ऊन आधीच घरात आलेलं असतं. फरक एवढाच, पण दुपारी जाणवण्याएवढा. घासाघीस करू नये, ही माझी वैयक्तिक विनंती.

सेवाग्रामची बापूकुटी इथून फार लांब नाही, मी पाहुण्यांना हमखास तिथे नेतो. गांधीजी 1936 मध्ये त्या गावी राहायला आले. त्यांची शिष्या मीराबेन हिनं स्वतःसाठी बांधलेली ती कुटी पुढे त्यांची झाली. मातीच्या भिंती, त्यांवर तिनंच मातीत उठवलेली झाडं, बांबू, कवेलू, जमिनीवर चटई. 1978 मध्ये इव्हान इलिच हा विचारवंत त्या कुटीत बसून राहिला आणि घर आणि सामान साठवायचं गोदाम यांतल्या फरकावर बोलला. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘हे सांगाले तेवढ्या दुरून आला?’

आता दोष. रसग्रहण म्हणजे आरती नव्हे. आत्याचं सैपाकघर वाईट आहे. बुटकं, धुरकट, एका झरोक्याचं. सगळी हवेशीर जागा पुरुषांच्या बैठकीला गेली आणि ज्यांनी दिवसाचे सात-आठ तास आत काढले त्यांच्या वाट्याला भिंतीवरची काजळी आली. बंगईवरून दिसणारं सौंदर्य रोज सारवून कोण राखत होतं, हेही सोडून चालणार नाही. भाच्याच्या फ्लॅटमधला उभा ओटा, मोठी खिडकी आणि धूर ओढणारा पंखा ही मला आत्याच्या घरापेक्षा सरस गोष्ट वाटते. तिलाही वाटली. ओट्यावरून तिनं दोनदा हात फिरवला.

फ्लॅटचं शेवटी असं ठरलं. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात. कपडे-पुस्तकांची कपाटं सगळी हॉलच्या पश्चिम भिंतीला, म्हणजे तापलेल्या भिंतीपुढे आणखी एक भिंत. खोलीची उंची खाणारं खोटं छत नाही. जुन्या सागाचे दोन हलके दिवाण, दोघांनी सहज उचलावेत असे, खाली झाडू जाईल एवढे उंच. बंगईचे आकडे बीममध्येच, इंजिनिअरला विचारून. आणि एक बाज, ती आत्यानं दिली.

सोफ्यावर मात्र भाचेसुनेचं आणि माझं अजून एकमत नाही. तिला तीन अधिक दोनचा, कोपऱ्यात वळणारा हवा आहे. मी महालक्ष्म्यांचं कारण पुढे केलं. भाद्रपदातले ते तीन दिवस हॉलमध्ये मखर उभं राहतं, आणि पुरण, आंबील, सोळा भाज्यांचं पान मांडून माणसं जमिनीवर बसतात. कोपऱ्यात वळणारा सोफा त्या दिवसांत जिन्यात न्यायचा की शेजारच्यांच्या घरात? तुम्हीही सोफ्याचा इसार देण्याआधी एकदा हॉल रिकामा करून पाट मांडून बघा आणि किती पानं बसतात ते मोजा. भाच्याच्या हॉलमध्ये सोफ्याशिवाय बावीस बसतात, सोफ्यासकट नऊ.