वेळेवर यायला आधी तलाव हवा

मंडळी, आज ज्या निबंधाबद्दल बोलायचंय, तो १९८९ सालचा. लेखक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅनियल चॅम्ब्लिस. काही वर्षं ते जलतरणपटूंमध्ये वावरले, कॅलिफोर्नियातल्या मिशन व्हिएहो या नामांकित क्लबातही राहिले. त्यांचा निष्कर्ष असा की उत्कृष्टता ही अगदी साधी, रोजची गोष्ट आहे. ‘उपजत प्रतिभा’ या शब्दानं काहीच उलगडत नाही. कोणी जिंकलं की आपण मागाहून म्हणतो, प्रतिभा होती!

त्यांचं एक उदाहरण बघा. मेरी माहरनं तेराव्या वर्षी २०० मीटर बटरफ्लायचा जागतिक विक्रम मोडायचं ठरवलं. मग तिनं बदललं काय? दोन गोष्टी. प्रत्येक सरावाला वेळेवर यायचं, आणि सरावातसुद्धा प्रत्येक वळण नियमाप्रमाणे, दोन्ही हात भिंतीला लावूनच घ्यायचं. पुढे तिनं तो विक्रम केला. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकंही मिळवली. म्हणजे नुसते तास वाढवून भागत नाही, करण्याची रीत बदलावी लागते. इथपर्यंत मला सगळं पटतं.

माझी तक्रार पुढची आहे. वेळेवर यायला आधी तलाव हवा ना? चॅम्ब्लिस हे विसरलेले नाहीत. बारमाही ऊन, घरची बरी मिळकत, प्रवासाचा आणि फीचा खर्च, हे सगळं ते नोंदवतात. पण प्रतिभेचा दावा खोडण्यापुरतंच. ते काम झालं की यादी बाजूला पडते. समाजशास्त्रज्ञानं खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

कारण अमेरिकेतल्या तलावांना वर्णभेदाचा मोठा इतिहास आहे. जेफ विल्ट्सी यांनी ‘कंटेस्टेड वॉटर्स’ या २००७ च्या पुस्तकात तो मांडलाय. सार्वजनिक तलाव कृष्णवर्णीयांना खुले झाले, तसे गोरे लोक खासगी क्लबांकडे वळले. १९६४ साली फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनमध्ये काळे-गोरे आंदोलक एका मॉटेलच्या तलावात एकत्र उतरले, तेव्हा व्यवस्थापकानं पाण्यात ॲसिड ओतलं! आणि पोहण्यात वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री, सिमोन मॅन्युएल, दिसायला २०१६ साल उजाडावं लागलं.

प्रतिभेचं गूढ चॅम्ब्लिस यांनी उतरवलं, हे चांगलंच झालं. पण सगळं श्रेय सवयींना दिलं, तर जे पाण्यापर्यंत पोचलेच नाहीत त्यांना आपण नकळत आळशी ठरवतो. निबंध जरूर वाचा. वाचताना एवढंच विचारा: पहाटेच्या सरावाला मुलांना गाडीतून कोण सोडतं, आणि क्लबची फी कोण भरतं?