‘स्मृतिचित्रे’ व मंडळीतील ऐक्य

गेल्या नाताळात आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला होता. परभणी जिल्ह्यातील एका लहानशा गावी त्याचे घर आहे. बोलता बोलता त्याने सांगितले की, त्याच्या घरची माणसे आता रविवारी दोन ठिकाणी उपासनेस जातात. वडील जुन्या मंडळीत जातात, धाकटा भाऊ नव्या मंडळीत. लहानपणी दिलेला बाप्तिस्मा खरा की खोटा ह्या वादावरून मंडळी दुभंगली, आणि तिच्याबरोबर घरही दुभंगले. “सर, गाणी मात्र दोन्हीकडे टिळकांचीच म्हणतात,” असे तो म्हणाला, आणि ह्या भांडणावर काही वाचण्याजोगे असल्यास सांगा, अशी त्याने विनंती केली. आम्ही धर्मशास्त्री नव्हे. आमचे आयुष्य वाङ्मय शिकविण्यात गेले. आम्ही त्याच्या हाती लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दिली. हा सल्ला विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्याचे समर्थन करणे आम्हांस अवश्य वाटते.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तिच्या साध्या भाषेची व निर्मळ विनोदाची वाखाणणी आजवर पुष्कळ झाली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु भाषेचे कौतुक करता करता टीकाकारांचे ग्रंथाच्या गाभ्याकडे काहीसे दुर्लक्ष झाले, असे आमचे मत आहे. श्रद्धेने दुभंगलेले घर पुन्हा एक कसे होते, हा ह्या ग्रंथाचा खरा विषय होय.

१८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार मोडला. लक्ष्मीबाई पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाला राहिल्या. पुढे त्या पतीकडे परत आल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. आपले सोवळेओवळे संभाळीतच आल्या. मते जुळली नव्हती, आणि ती जुळेपर्यंत दूर राहावे असेही त्यांनी मानले नाही. मग एके दिवशी, जात ही मनुष्याने केली, देवाने नव्हे, असा विचार त्यांच्या मनात उभा राहिला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली घेतला.

हा क्रम वाचकांनी नीट पाहावा. आधी सहवास, मग पंगत, आणि सर्वांत शेवटी एकमत. आमच्या मंडळ्यांतून बहुधा ह्याच्या उलट चालते. एकमत आधी मागितले जाते. ते न झाल्यास सहवास सुटतो, आणि पंगत तर पुष्कळदा पहिल्यापासूनच नसते. बाप्तिस्मा घेऊन दोन पिढ्या लोटल्या तरी सोयरीक जुन्या जातीतच शोधावयाची, आणि प्रभुभोजनाचा पेला एकत्र घेऊन घरच्या जेवणास मात्र निरनिराळे बसावयाचे, हे दृश्य महाराष्ट्रात अपरिचित नाही. जेथे पंगत नाही तेथे मतभेदास फूट होण्यास वेळ लागत नाही. भिंत आधीच उभी असते, वाद तिला केवळ दार बसवितो.

स्वतः टिळकांनी ऐक्याचा निराळा मार्ग चोखाळला. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यासवृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, पंथाची नावे मागे पडावीत, हा त्यांचा हेतू होता. कल्पना उदात्त होती. परंतु १९१९ च्या मे महिन्यात टिळक निवर्तले आणि दरबार त्यांच्यामागे फार दिवस टिकला नाही. एका पुरुषाच्या तेजावर उभारलेले ऐक्य त्या पुरुषाबरोबर मावळते. करिंथच्या मंडळीत कोणी पौलाचे, कोणी अपुल्लोसाचे म्हणवू लागले, तेव्हा पौलाने स्वतःच्या नावाने होणारा जयघोषही खपवून घेतला नाही, तो ह्याचसाठी.

टिळकांच्या गीतांची गोष्ट वेगळी. अभंगाचा साचा घेऊन त्यांनी मराठी ख्रिस्ती भजनास जे वळण लावले, ते सर्व पंथांनी उचलले. तरीही गीताच्या सामर्थ्यास मर्यादा आहे, आणि ती ओळखण्यास आम्हां परभणीकरांस दूर जावयास नको. जनाबाईंचे गंगाखेड आमच्याच जिल्ह्यात आहे. वारकऱ्यांनी चोखोबांचे अभंग शतकानुशतके प्रेमाने गाइले. पण चोखोबांच्या जातबांधवांस पंढरीच्या देवळाचे दार उघडण्यास १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. ओठ एक झाले म्हणजे उंबरा एक झाला असे नव्हे.

आता संस्थात्मक ऐक्याविषयी. परभणीच्या पश्चिमेस जालन्याला स्कॉटिश मिशन, उत्तरेस वऱ्हाडात अलायन्स, वाशिम-बुलढाण्याकडे नाझरीन, दक्षिणेस बीदरकडे मेथडिस्ट, अशी मिशनांनी कार्यक्षेत्रे वाटून घेतली होती. त्यामुळे मनुष्य कोणत्या पंथाचा हे त्याच्या चिंतनापेक्षा त्याच्या तालुक्यावरूनच अधिक ठरे. पुढे नोकरीनिमित्त माणसे हलली आणि ज्या भेदांची कारणे आजोबांसही ठाऊक नव्हती, ते भेद नातवांनी बरोबर आणले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. तीत बॅप्टिस्टही आले. बालकांचा बाप्तिस्मा व प्रौढांचा बाप्तिस्मा हे दोन्ही प्रकार मान्य ठेवून त्यांनी एका छपराखाली राहण्याचे ठरविले. वाद सुटला नाही. वाद असूनही एकत्र राहण्याची रीत मात्र सापडली. लक्ष्मीबाईंच्या घरात जे सत्तर वर्षांपूर्वी घडले होते, तेच येथे ठरावाने घडले. दोष इतकाच की, ठराव नागपुराहून खेड्यापर्यंत पोहोचतो तो कागदावर. आणि ज्या प्रश्नावर नागपुरास समेट झाला, त्याच प्रश्नावर आमच्या विद्यार्थ्याचे घर आज दोन वाटांनी जाते.

येथे एक आक्षेप येईल. सत्याचा प्रश्न बाजूस ठेवून केवळ गोडीने राहावे, हा दुबळेपणा नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास लक्ष्मीबाई दुबळ्या वाटणार नाहीत. त्या पतीशी वाद घालतात, रुसतात, त्याच्या हट्टाची थट्टा करतात. मनास पटेपर्यंत एक पाऊलही पुढे टाकीत नाहीत. फक्त वादासाठी त्या घराबाहेर जात नाहीत. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पुरे केले, ते ह्याच स्वभावामुळे. ग्रंथात उणीव आहे ती अशी की, बाप्तिस्म्याच्या निर्णयामागील तात्त्विक विचार त्या फारसा उलगडीत नाहीत. तात्त्विकाची तेथे निराशा होईल. आमच्या मते मात्र ही उणीव ग्रंथाच्या सांगण्यास पूरकच आहे, कारण लक्ष्मीबाईंचे मन युक्तिवादाने नव्हे, सहवासाने पालटले होते.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यास व त्याच्यासारख्या घरांस आमचे सांगणे थोडके आहे. बाप्तिस्म्याचा वाद अवश्य घाला, पण तो एका ताटाभोवती बसून घाला. रविवारी दोन मंदिरांत गेलात तरी परतल्यावर चूल एकच असू द्या; आणि त्या चुलीपाशी, पूर्वी ज्यास आपल्या जातीचा नाही म्हणून बोलाविले नव्हते, त्या मंडळीतल्या माणसासही बोलवा.