बुलेटवरची आर्ची

कर्जत-खालापूर परिसरातील तरुणांच्या तोंडी 'कूल' हा शब्द आता इतका रुळला आहे की ऐट, रुबाब ही आपली जुनी नाणी चलनातून गेल्यासारखी वाटतात. पण हा गुण ओळखावा कसा? नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) आम्हांला येथे उद्बोधक वाटतो.

पूर्वार्धात आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर हाकते आणि आम्हीही मोहून जातो. परंतु तो रुबाब बव्हंशी वडिलांच्या सत्तेचा आहे. शिवाय संथगती चित्रण आणि अजय-अतुल यांचा भव्य वाद्यवृंद तिचे मोठेपण आमच्या कानी घालतच असतात. चारही गाणी पूर्वार्धातच संपतात.

पुढे हैदराबादची झोपडपट्टी, बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यातील मजुरी, माहेरच्या आठवणीने रडणे. येथे तिला पाहून थबकणारे कोणी नाही आणि वाद्येही थांबली आहेत. परशाशी बिनसल्यावर ती निघून जाते, परतते आणि पुन्हा संसाराला लागते. ही आर्ची आम्हांला अधिक ऐटदार वाटते. (रिंकू राजगुरू यांच्या अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला, तो उचितच.)

वरातीत 'झिंगाट' वाजले की मुले बुलेटस्वारीची नक्कल करतात. पाळी संपवून घरी येणाऱ्या आर्चीची नक्कल केलेली आम्ही अद्याप पाहिलेली नाही.