अर्ध्या तासात ओढलेली रेघ आणि कमिंग्ज यांची दोन पुस्तकं

कोरियाची फाळणी म्हटलं की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. ऑगस्ट १९४५, १० तारखेची रात्र. जपान शरण येणार हे दिसतंय, सोव्हिएत फौजा कोरियात शिरल्यात. वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलना सांगितलं जातं की कुठेतरी सीमा सुचवा, वेळ जेमतेम अर्धा तास. समोर नॅशनल जिओग्राफिकचा नकाशा. ते ३८ वा अक्षांश निवडतात, स्टालिन मान्य करतो. एकाही कोरियन माणसाला विचारलं जात नाही.

गोष्ट खरी आहे. पण तुमच्या सिनॉप्सिसमध्ये एवढ्यावर 'महासत्तांच्या स्पर्धेमुळे फाळणी झाली' असं लिहिलंत, तर व्हायव्हाला एक साधा प्रश्न येईल: रेघ तर फक्त जपानी सैन्याची शरणागती कोणी कुठे घ्यायची यासाठी होती. मग तीन वर्षांत तिचे दोन देश कसे झाले?

या प्रश्नाला गंभीरपणे भिडलेलं पुस्तक म्हणजे ब्रूस कमिंग्ज यांचं 'द ओरिजिन्स ऑफ द कोरियन वॉर'. पहिला खंड १९८१ चा, दुसरा १९९० चा. मी विज्ञानाकडून आलेलो, त्यामुळे इतिहासाची जाडजूड पुस्तकं म्हटली की पोटात गोळा येतो. पण पहिला खंड वाचताना ओळखीचं काहीतरी सापडलं. जपान हरल्यावर कोरियात गावोगावी लोकसमित्या उभ्या राहिल्या होत्या. ६ सप्टेंबर १९४५ ला सोलमध्ये त्यांच्या जोरावर 'कोरियन लोकप्रजासत्ताक' जाहीरही झालं. ८ तारखेला जनरल हॉज अमेरिकी फौज घेऊन उतरले आणि त्यांनी ते मानलंच नाही. उलट जपानी अमदानीतलं पोलीसदल बरंचसं तसंच वापरलं. कमिंग्ज एवढं सांगून थांबत नाहीत. कुठल्या जिल्ह्यात समिती जोरात होती, कुठे नव्हती हे ते मांडतात आणि मग कूळवहिवाट, लोकसंख्येतले बदल, रस्ते-रेल्वे यांच्याशी ते ताडून बघतात. म्हणजे 'लोक चिडले होते' असं मोघम विधान नाही, कुठले लोक आणि कुठे हे तपासलेलं आहे. शिवाय युद्धात अमेरिकी सैन्याच्या हाती लागलेली उत्तर कोरियाची कागदपत्रं त्यांनी कसून वापरली. तोवर फार कमी लोक तिकडे फिरकले होते.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जमीन कोणाची, जपान्यांशी हातमिळवणी केलेल्यांचं काय करायचं, हे भांडण कोरियाच्या पोटातलंच होतं. महासत्तांनी त्यातली एकेक बाजू उचलून धरली आणि तिला राज्य मिळवून दिलं. हे मला पटतं. उत्तरेत मार्च १९४६ मध्येच जमीनवाटप झालं, दक्षिणेत समित्या मोडल्या गेल्या. १९४८ ला संयुक्त राष्ट्रांचा निवडणूक आयोग आला (अध्यक्ष आपले के.पी.एस. मेनन) तेव्हा त्याला उत्तरेत पाऊलही ठेवता आलं नाही. मतदान फक्त दक्षिणेत झालं. १५ ऑगस्टला एक देश, ९ सप्टेंबरला दुसरा.

आता तक्रार. पहिल्या खंडात उत्तरेच्या वाट्याला तुलनेने फार कमी पानं आहेत. तिथेही समित्या होत्या आणि सोव्हिएत लष्कराने त्या ठेवल्या हे खरं. पण चो मान-सिक यांच्यासारख्या वजनदार राष्ट्रवादी नेत्याने विश्वस्त राजवटीला विरोध केल्यावर जानेवारी १९४६ पासून त्यांना नजरकैदेत टाकलं गेलं. म्हणजे तिथेही बाहेरचा हात होताच, फक्त त्याने वेगळ्या प्रकारे छाटणी केली. हॉज यांच्यावर जेवढा प्रखर दिवा, तेवढा इकडे नाही.

दुसऱ्या खंडात हीच कमजोरी महागात पडते. 'युद्ध कोणी सुरू केलं' हा प्रश्नच चुकीचा आहे, असं कमिंग्ज तिथे म्हणतात. ओंगजिनकडे दक्षिणेनेच आधी कुरापत काढली असण्याची शक्यता खुली ठेवतात आणि स्टालिनचा वाटा लहान मानतात. तेव्हा मॉस्कोचे दप्तरखाने बंद होते. लॅबमध्ये काम केलेल्यांना हे लगेच कळेल: यंत्राच्या डिटेक्शन लिमिटखाली काही दिसलं नाही, तर आपण 'आढळलं नाही' लिहितो, 'शून्य' लिहित नाही. कमिंग्ज यांनी जवळजवळ शून्य लिहिलं.

१९९४ ला रशियाने कागद दिले आणि कॅथरीन वेदर्सबी यांनी ते अभ्यासून मांडले. ३० जानेवारी १९५० च्या तारेत स्टालिन राजदूत श्टिकोव्हना कळवतो की किमला मदत करायला आपण तयार आहोत. एप्रिलमध्ये किम मॉस्कोत, मे महिन्यात माओंची संमती घ्यायला बीजिंगमध्ये. २५ जूनचा हल्ला ठरवून केलेला होता, यात आता शंका उरलेली नाही.

पण थांबा, इथे बरेच जण घाईने 'कमिंग्ज खोटे ठरले' लिहून मोकळे होतात. त्याच कागदांत दिसतं की १९४९ भर किम परवानगी मागत होता आणि स्टालिन नकार देत होता. म्हणजे प्याद्यासारखं हलवलेलं हे युद्ध नव्हतं. पुढाकार कोरियनच होता, मात्र परवानगी आणि रणगाडे मॉस्कोचे. कमिंग्ज यांचा निम्मा मुद्दा त्यांच्या विरोधात वापरल्या जाणाऱ्या पुराव्यातूनच टिकतो. माझ्या मते पहिला खंड अजून भक्कम आहे. दुसऱ्यातला युद्धाच्या सुरुवातीचा भाग मात्र तारा शेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

लिटरेचर रिव्ह्यूत हे पुस्तक घेणार असाल तर १९४५ चा आणि १९५० चा प्रश्न एकाच परिच्छेदात कोंबू नका. दोन्हींचे पुरावे वेगळे आहेत. आणि वेळ कमी असेल तर निदान पहिल्या खंडातली प्रांतवार समित्यांची प्रकरणं तरी वाचा. तक्ते सोडून पुढे जाऊ नका, खरा माल तिथेच आहे.